पिकतं तिथं विकतं का? नेगेव्हमधल्या बेदुइन डॉक्टरांकडे पाहून

प्रश्न असा आला आहे: "मी धडगाव तालुक्यातला, पावरा समाजातला. एमबीबीएस झालं. आता माझ्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होतोय. माझे एक वरिष्ठ म्हणाले, पिकतं तिथं विकत नाही, दुसरीकडे कुठं तरी जा. इस्रायलमधले बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या पूर्वी भटक्या असलेल्या अरब समाजाचे, डॉक्टर आपल्याच समाजात आरोग्याचं काम पुढं नेतात असं वाचलं. आपला डॉक्टर असल्यानं खरंच फरक पडतो का? सिकलसेलसारख्या, आई-बापाकडून मुलांत उतरणाऱ्या आणि म्हणून लग्नाशी जोडलेल्या आजाराबद्दल आपल्याच लोकांशी कसं बोलायचं? आणि यात माणूस किती वर्षं टिकतो?"

डॉक्टर, आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नर्स आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळची अलिबागची. मुंबईत नर्सिंग शिकले, 1981 साली इस्रायलला आले आणि दक्षिणेकडच्या दिमोना शहरात स्थायिक झाले. इथं आई-बाळाच्या तपासणीची आणि लसीकरणाची जी केंद्रं असतात त्यांना 'टिपत हलाव' म्हणतात, म्हणजे दुधाचा थेंब. नेगेव्हच्या वाळवंटातल्या अशा केंद्रांमध्ये मी तीस वर्षांवर काम केलं, त्यातली बहुतेक बेदुइन वस्त्यांमध्ये. मी आले तेव्हा बेदुइन डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. निवृत्त झाले तेव्हा आमच्या भागातले कितीतरी डॉक्टर मी टोचलेली बाळं होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, फरक पडतो, मोठा पडतो. पण तो भाषेमुळे किंवा एका रक्ताचे असल्यामुळे पडतो असं मला वाटत नाही. अरबी मीसुद्धा शिकले. इलाज, हकीम, तब्येत, नजर हे शब्द तर अलिबागहूनच सोबत आले होते. लोकांनी मला जीव लावला, रोट्या बांधून दिल्या. तरीही संध्याकाळी चार वाजता माझी गाडी दिमोनाकडे निघायची हे त्यांना ठाऊक होतं. बेदुइन डॉक्टरची गाडी तिथंच राहते. त्यानं दिलेल्या औषधानं मुलाला पुरळ उठलं तर रात्री त्याच्या बापाच्या दारात लोक येऊन बसतात, कॉफी पितात आणि विचारतात. त्याला जाब विचारता येतो. लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात ते या जाबामुळे, आणि हाच जाब त्याला थकवतो. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच एक आहे.

एक प्रसंग सांगते. साल नव्वदीतलं. एका आईनं सहा महिन्यांचा मुलगा लसीला आणला. मी मांडीत सुई दिली आणि तो माझ्याकडे बघून हसला. रडला नाही, पाय आखडला नाही. मी आईला म्हटलं, किती शहाणं बाळ. आईनं मान खाली घातली. चार-पाच महिन्यांनी तीच बाई पुन्हा आली. मुलाला दात आले होते आणि जिभेचा शेंडा त्यानं स्वतःच चावून काढला होता. उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी कुरतडलेली, गुडघ्यावर चटक्याचा व्रण. एका मोठ्या दवाखान्यात तिला विचारलं होतं, मुलाला मारता का, चटके देता का. दुभाषी नव्हता, सासरा सोबत होता, बाई गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावला गेला ते तुम्ही ओळखालच.

त्या दिवशी आमच्या केंद्रावर एक तरुण बेदुइन डॉक्टर आला होता, अजून शिकत होता. तो खुर्ची सोडून खाली चटईवर बसला, बाईच्या तिरक्या रेषेत, म्हणजे तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये. व्रणाबद्दल त्यानं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "तुमच्या चुलत्यांच्या घरात न रडणारी मुलं होती का?" ती लगेच म्हणाली, "दोन होती." मग पुढचा प्रश्न, "उन्हाळ्यात अंग तापायचं आणि घाम यायचा नाही?" तिनं वर पाहिलं. त्याच्या स्वतःच्या वस्तीत असं एक मूल होतं, लहानपणी त्याच्याबरोबर खेळलेलं. वेदनाच न जाणवणं आणि घाम न येणं, हा जन्मजात आनुवंशिक आजार जगात फार दुर्मिळ, पण नेगेव्हच्या काही बेदुइन कुळांत आढळतो. अशा मुलांना मोडलेलं हाड कळत नाही, आणि घाम नसल्यामुळे नेगेव्हचा उन्हाळा त्यांच्या जिवावर उठतो. रोगाचं नाव घेण्याआधी तो त्या आईला म्हणाला, "हे तुझ्या हातून झालेलं नाही." नंतर ओलं फडकं कधी ठेवायचं, चूल कशी आडोशाला घ्यायची, रोज रात्री तळपाय उलटून का बघायचे, हे सगळं सांगितलं. मी इतके महिने त्या मुलाला पाहत होते, आणि घरातल्या माणसांबद्दल मी एक प्रश्न विचारला नव्हता. ते मला अजून लागतं.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण तुम्ही धडगावशी ताडून पाहणार. 1948च्या युद्धानंतर नेगेव्हमध्ये सुमारे 11 हजार बेदुइन उरले, बाकीचे परागंदा झाले. उरलेल्यांना 'सियाज', म्हणजे कुंपण, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका पट्ट्यात आणून ठेवलं, आणि 1966पर्यंत तिथं लष्करी अंमल होता. दवाखान्यात जायलाही परवाना लागायचा. त्यानंतर सरकारनं सात वसाहती आखल्या. तेल शेवा पहिली, रहात सगळ्यात मोठी, शिवाय हुरा, लकिया, कुसैफे वगैरे. आज नेगेव्हमध्ये तीन लाखांच्या आसपास बेदुइन आहेत, निम्म्याहून अधिक 18 वर्षांखालचे. हजारो कुटुंबं सरकारदरबारी नोंद नसलेल्या गावांत राहतात. अशा गावाला वीज नाही, पक्का रस्ता नाही, घर बांधलं तर पाडण्याची नोटीस. वादी अल-नआम या गावाच्या डोक्यावरून विजेच्या तारा जातात, शेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि घरात दिवा सौर पट्टीवर लागतो. या गावांत आई-बाळाची केंद्रं नव्हती. त्यासाठी 1997 साली 'अदाला' या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्यातून सहा केंद्रं मिळाली. वजनकाट्यासाठी कोर्टात जावं लागलं, म्हणा ना.

बेदुइन बालमृत्यूंचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट राहिलं आहे, आणि त्यात जन्मजात दोष व आनुवंशिक आजारांचा वाटा मोठा.

डॉक्टर कुठून आले? पहिले बेदुइन डॉक्टर युनुस अबू रबिया. त्यांच्या नावानं लोक आपल्या मुलांना अभ्यासाला बसवायचे, हे मी ऐकलं आहे. 1974 साली बीरशेवाच्या बेन-गुरियन विद्यापीठात वैद्यकीय विद्याशाखा सुरू झाली. तिचे संस्थापक मोशे प्रिवेस यांनी हट्टानं शिक्षण आणि त्या भागातली आरोग्यसेवा एकत्र बांधली, विद्यार्थी पहिल्या वर्षापासून वस्तीत गेला पाहिजे म्हणून. त्याचा फायदा उशिरा का होईना बेदुइन मुलामुलींना झाला. पण इस्रायलमध्ये वैद्यकीय प्रवेश फार अवघड, म्हणून कितीतरी जण जॉर्डन, रुमानिया, मोल्दोव्हा असं कुठं कुठं जाऊन शिकून आले. बापानं उंट विकले, भावानं ट्रक चालवला, तेव्हा एक डॉक्टर झाला. मुलींना त्याहून कठीण गेलं. रानिया अल-ओकबी या पहिल्या बेदुइन स्त्री डॉक्टर, त्याही प्रसूतितज्ज्ञ. बीरशेवाच्या सोरोका रुग्णालयात वर्षाला 15 हजारांच्या वर बाळंतपणं होतात, त्यातली निम्म्याच्या आसपास बेदुइन बायकांची. त्या खाटांजवळ आपल्या बोलीत बोलणारी एक डॉक्टर बाई उभी राहिली, याचं मोल तुम्हाला सांगायला नको.

आता तुम्ही म्हणता ते आरोग्याचं काम पुढं नेणं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं नेतृत्व, ते कसं घडतं? मी पाहिलं ते असं. एका अमान्य, म्हणजे सरकारदरबारी नोंद नसलेल्या, गावातली साठीची बाई, मधुमेह, साखर कायम 400च्या घरात. तिच्या कागदांवर दोन-तीन डॉक्टरांनी तेच वाक्य लिहिलेलं: सूचना पाळत नाही. एका बेदुइन डॉक्टरनं तिला एकच विचारलं, "तुमच्याकडे जनरेटर किती वाजता बंद करतात?" रात्री नऊला. मग फ्रिज बंद. पत्र्याचं घर, दुपारी आत चाळीस अंश. इन्सुलिन नासत होतं आणि बाई नेमानं, न चुकता नासलेलं इन्सुलिन टोचून घेत होती. म्हणजे सूचना तर ती पाळत होतीच. त्यानं एकात एक दोन मातीची भांडी ठेवून मधे ओली वाळू घालायला सांगितलं, तुमच्या-आमच्या माठाचंच तत्त्व. तिची साखर उतरली.

चांगला डॉक्टर इथवर करतो. तो आणखी पुढं गेला. त्यानं वही काढली आणि त्या गावातली प्रत्येक इन्सुलिनवाली, प्रत्येक वाफारा घेणारं दम्याचं मूल, प्रत्येक ऑक्सिजनवाला म्हातारा यांची नावं लिहिली, आणि नावापुढं लिहिलं, वीज किती तास. औषधाचं नाव, घर, तास. ती वही घेऊन तो अधिकाऱ्यांच्या बैठकीत बसला. तिथं तो बोलला कमी, त्यानं वही फिरवली. सौर पट्ट्या आणि छोटे फ्रिज सगळ्यांना मिळाले नाहीत, काहींना मिळाले. पण त्या दिवसानंतर 'पाळत नाही' हे वाक्य आमच्या कागदांवर लिहिताना माणसं थांबू लागली. डॉक्टरचा पुढारी होतो तो त्या वहीपाशी, असं माझं मत आहे. त्यासाठी त्याला भाषण करावं लागत नाही, निवडणूकही लढवावी लागत नाही.

2013 सालच्या पोलिओचं मात्र सविस्तर सांगते, कारण सगळं पणाला लागलेलं मी तेव्हाच पाहिलं. मे महिन्यात रहातच्या सांडपाण्यात पोलिओचा जंगली विषाणू सापडला. मूळ पाकिस्तानकडचं, कैरोच्या सांडपाण्यात तो आधी दिसला होता. इस्रायलमध्ये 2005पासून फक्त सुईची लस द्यायचे, थेंब बंद केले होते. सुईमुळे मुलाला लकवा होत नाही, पण विषाणू आतड्यात वाढून दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतो. तसंच झालं होतं. एकही मूल लुळं पडलं नव्हतं, आणि विषाणू मात्र गटारांतून फिरत होता. ठाण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, "अगं, आमच्याकडे संपला आणि तुमच्याकडे कसा आला?" खरंच होतं, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011चा. तिच्या नातवंडांनी दरवर्षी थेंब घेतले होते आणि बोटावर शाई मिरवली होती.

ऑगस्टमध्ये थेंब पाजायची मोहीम सुरू झाली, आधी दक्षिणेत, मग देशभर. मोहिमेचं नावच होतं 'दोन थेंब'. आता विचार करा आम्हाला लोकांना काय सांगायचं होतं. तुमचं मूल ठणठणीत आहे, त्याची लस पूर्ण झाली आहे, त्याला धोका नाही. तरी त्याला हे थेंब द्या, कारण दुसऱ्या कुणाचं मूल वाचेल. आणि हे सांगायचं कुणाला, तर ज्यांच्या घरावर नोटीस लागलेली आहे त्यांना. रहातमधल्या एका आजीनं मला सरळ विचारलं, "वीज द्यायच्या वेळी आम्ही शेवटी. हे थेंब द्यायला आम्ही पहिले का?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. विषाणू इथं सापडला म्हणून, हे कारण खरं होतं. पण तिचा प्रश्न त्याच्याहून जुना होता.

आमच्या केंद्रावरचा बेदुइन डॉक्टर तिच्यासमोर येऊन बसला. तिचा प्रश्न त्यानं खोडला नाही. म्हणाला, "आजी, विजेचं तू म्हणतेस ते खरं आहे, त्यासाठी मी तुझ्याबरोबर येईन. पण हा रोग माझ्या मामाला झाला होता. त्याचा पाय तू पाहिला आहेस." आजीनं पाहिला होता. मग त्यानं बायकोला फोन केला. तासाभरात त्याच्या दोन मुली आल्या, सगळ्यांसमोर त्यांनी तोंड उघडलं, थेंब घेतले आणि तोंड वाकडं केलं. आजी हसली. त्या दुपारी रांग दारापासून रस्त्यापर्यंत गेली होती. देशभर 9 लाखांवर मुलांनी थेंब घेतले आणि नेगेव्हच्या बेदुइन मुलांमध्ये प्रतिसाद इतर भागांपेक्षा चांगला होता. जे लोक सरकारवर सगळ्यात कमी विश्वास ठेवतात, त्यांनी दुसऱ्याच्या मुलासाठी आपल्या मुलाच्या तोंडात थेंब घातले. याचं श्रेय कुणी जाहिरातीला देतं. मी त्या दोन मुलींना देते.

डॉक्टर, इथं एक सावधगिरी. तो मामा खरा होता, पाय खरा होता, मुली त्याच्या होत्या. हे भांडवल एकदाच खर्च करता येतं. सात वर्षांनी कोविडची लस आली तेव्हा पुन्हा सगळ्या बेदुइन डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बेदुइन बोलीत व्हिडिओ केले, मशिदीत बोलले, लस घेतल्यानं मूल होत नाही ही अफवा घरोघरी जाऊन खोडली, शेखांना चारचौघांत लस दिली. मोहीम संपली, फोन बंद झाले. केंद्राच्या वेळा कुणी ठरवायच्या, नवी नर्स कुठल्या गावी द्यायची, या बैठकांना त्यांच्यातल्या फारच थोड्यांना बोलावणं आलं. आपल्याकडे म्हण आहे, गरज सरो वैद्य मरो. ती रोग्याबद्दल आहे. मी ती कचेऱ्यांबद्दल वापरते. तुम्हाला जेव्हा सांगतील की तुमच्या लोकांना जरा समजावा, तेव्हा समजवा, पण त्याच बैठकीत आपली वही पुढं करा. नुसता भोंगा झालात तर दोन वर्षांत लोक तुम्हालाही सरकारी माणूस म्हणतील, आणि ते खरं असेल.

आता सिकलसेल, म्हणजे लग्नाचा प्रश्न. बेदुइनांमध्ये निम्म्याच्या आसपास लग्नं नात्यात होतात, बरीचशी चुलत भावंडांत. आपल्याकडे चुलत म्हणजे सख्खं आणि मामाची मुलगी मात्र हक्काची. त्यांच्याकडे हक्क चुलत भावाचा. नात्यात लग्न का, तर जमीन कुळात राहते, मुलगी ओळखीच्या घरात जाते, संकटात सगळे एका बाजूला उभे राहतात. ज्याच्याकडे सरकारचा आधार नाही त्याच्यासाठी कूळ हाच विमा. बाहेरचे लोक येऊन 'नात्यात लग्न करू नका' म्हणायचे. ते ऐकून मला अलिबागचं आमचं घर आठवायचं. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आदेश काढला होता की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा, ते पुरते ज्यू आहेत का बघा. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला तेव्हा 1964 साली ते मिटलं. मी सहा-सात वर्षांची होते, पण वडील ताट तसंच ठेवून उठले ते डोळ्यांपुढं आहे. लग्नाच्या दारात उभं राहून परका माणूस तुमचं रक्त तपासायला लागला की कसं वाटतं, ते मला कुणी शिकवायला नको.

म्हणून बेदुइन डॉक्टरांनी आणि त्यांच्यासोबतच्या जाणत्या संशोधकांनी प्रश्न फिरवला. नात्यात लग्न करू नका असं म्हणणं सोडलं. म्हणाले, लग्न करा, पण तुमच्या कुळात कोणता आजार आहे तो माहीत आहे; मुलगा-मुलगी दोघं वाहक आहेत का, म्हणजे स्वतः ठणठणीत असून आजार मुलांना देऊ शकतात का, ते आधी बघू. सोरोकामध्ये आणि विद्यापीठात रिव्हका कार्मी, ओहाद बिर्क यांच्यासारख्यांनी नेगेव्हच्या कुळांमधल्या कितीतरी आजारांची जनुकं शोधून काढली आहेत, त्यामुळे कुळ विचारलं की कोणती चाचणी करायची ते ठरवता येतं, आणि ती फुकट होते. डॉ. यास्मीन अबू फ्रेहा यांच्या स्वतःच्या घरालाही अशाच आजाराची झळ बसली होती. त्यांनी ते उघड सांगितलं आणि लग्नाआधीच्या चाचणीसाठी 'जेनेसिस' हा उपक्रम उभा केला. चाचणीचा निकाल उशिरा कळला, गर्भ राहून गेला, तर पुढं काय, यावर डॉक्टर इमामांबरोबर बसले. गर्भात 120 दिवसांनी आत्मा येतो असं अनेक धर्मपंडित मानतात. त्याच्या आत मोठा दोष दिसला तर वाट असते. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून आणि इमामाच्या तोंडून एकच आलं तेव्हा बायका चाचणीला येऊ लागल्या.

पण इथंच तुमच्या वरिष्ठांची म्हण थोडी खरी ठरते, आणि हे तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. कितीतरी मुली आपल्या गावच्या डॉक्टरला रक्त द्यायला तयार नसत. ज्या जाबामुळे त्याच्यावर विश्वास, तोच इथं आडवा येतो. तो तिच्या होणाऱ्या सासऱ्याबरोबर जेवतो. तो काही बोलणार नाही हे तिला माहीत असतं, पण त्याचा चेहरा बोलला तर? मग त्या दहा-वीस मैलांवर माझ्याकडे यायच्या, मी परकी म्हणून. कधी दुसऱ्या कुळाच्या डॉक्टरकडे. आणि कुळांमध्ये जुनं वैर असलं की त्या डॉक्टरचंही पाऊल अडतं; बेदुइन म्हटलं की सगळे एक, असं फक्त बाहेरून वाटतं. तुमच्या भागातही पाडा-पाड्यात हे असेल. म्हणून चाचणीची एक वाट तुमच्या दारावरून न जाणारी ठेवा. शेजारच्या केंद्रातल्या सिस्टरशी बोलून ठेवा: माझ्या गावची मुलगी तुझ्याकडे आली तर मला सांगू नको. तुम्ही समजावून सांगायचं काम करा. निकालाचं पाकीट दुसऱ्याच्या हातून जाऊ दे. आमच्याकडे ज्या डॉक्टरांना हे मानवलं, त्यांच्या भागात चाचण्या वाढल्या.

बाकीचं थोडक्यात. अंगणात गाडी मागं घेताना चाकाखाली येणारी लहान मुलं, उघड्या चुलीवर भाजणारी मुलं, हे बेदुइन डॉक्टरांनीच लावून धरलं, कारण रात्री आपत्कालीन विभागात ती मुलं त्यांच्याच हातात यायची. एप्रिल 2024मध्ये इराणनं क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा साऱ्या देशात गंभीर जखमी झाली ती एकच, नेगेव्हच्या अमान्य गावातली सात वर्षांची बेदुइन मुलगी. तिच्या गावात आसरा घ्यायला खंदक नव्हता. आता डॉक्टर वहीत खंदकही लिहितात.

किती वर्षं टिकता येतं? मी तीन-चार जणांना मोडताना पाहिलं आहे. एक जण उत्तरेला निघून गेला, एकानं रात्री फोन उचलणं सोडलं आणि मग लोकांनी त्याला सोडलं. स्त्री डॉक्टरांवर तर दुहेरी ओझं: दवाखान्यात त्या हकीम, घरी सून. टिकले ते एकटे नव्हते. तीन-चार डॉक्टर, दोन नर्स, एखादा शाळामास्तर असे एकमेकांना धरून होते. तुम्हीही पहिल्या वर्षी आशाताईंना धरा, आणि तुमच्याआधी तिथं असलेल्या दाईला भेटायला तिच्या घरी जा, तिला केंद्रावर बोलावू नका.

त्या वहीवाल्या डॉक्टरचं एक सांगते आणि थांबते. लग्नाला गेला की त्याला जेवू देत नसत. भाताचा घास हातात, आणि शेजारचा माणूस सदरा वर करून पाठीवरचं गजकर्ण दाखवतोय. सुरुवातीला तो तिथंच तपासायचा, मग चिडायला लागला. शेवटी त्यानं खिशात दुसरी छोटी वही ठेवली. कुणी विचारलं की नाव लिहायचा आणि म्हणायचा, "उद्या दहाला ये." पहिल्या खेपेला पंधरा नावं झाली. दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तेव्हा तो दार उघडून आत बसला होता. दहापर्यंत कुणीच आलं नाही. सव्वादहाला तो गजकर्णवाला आला, दारातून डोकावला, मला विचारलं, "आहे का खरंच?" मी आत बोट दाखवलं. तो बाहेर गेला आणि ट्रकमध्ये बसलेल्या बाकीच्यांना हाक मारली.